गोव्यात भाड्याची स्कूटर: ज्या काकांनी आमच्या भावाला गाडी दिली नाही त्यांना पाचपैकी पाच

आधीच सांगते, दोन्ही दुकानांची नावं लिहीत नाहीये. पहिल्याशी भांडण झालंय आणि ते तिथल्या तिथं मिटवलंय, आता परत उकरून काढायचं नाही. दुसऱ्या काकांनी स्वतःच सांगितलं की बाय माझं नाव नको टाकू, माझ्याकडं अकराच गाड्या आहेत आणि डिसेंबरात तशाही एक शिल्लक राहत नाही. पण रिव्ह्यू लिहायचाच होता, कारण गोव्याला जाणारा प्रत्येक जण स्कूटर भाड्यानं घेतो आणि घेताना फक्त "दिवसाला किती" एवढंच विचारतो. आम्हीपण तेवढंच विचारलं होतं.

आम्ही कोल्हापूरहून सहा जण गेलेलो, मी, नवरा, दादा, वहिनी, दादाची सहा वर्षांची ओवी आणि माझा मावसभाऊ ओंकार, वय तेवीस. एसटीनं म्हापशाला उतरलो, राहायला शिवोलीकडं घर घेतलं होतं. गाडी नेली नव्हती कारण तिकडच्या गल्ल्यांत कार घालणं म्हणजे ताप, स्कूटरच बरी असं सगळ्यांचं मत.

पहिलं दुकान बीचच्या रस्त्यावरचं, टेबल टाकून बसलेला एक पोरगा आणि मागं गाड्यांची रांग. स्कूटर ४०० रुपये दिवस, बुलेट १२००. ओंकारनं बुलेट मागितली, पोरानं चावी दिली, झालं. लायसनचा मोबाईलवर फोटो काढला पण त्यात काय लिहिलंय ते बघितलं नाही. बुलेट आधी चालवलीस का असं विचारलं नाही, ओंकारनं तोपर्यंत मित्राची दोनदा चालवली होती फक्त, तीपण रंकाळ्याच्या कडेनं. दादा-वहिनी स्कूटरवर बसले आणि ओवी पुढं पाय ठेवायच्या जागेवर उभी राहिली, ते त्या पोराच्या समोरच, तो हसून टाटा करत होता. हेल्मेटं मागितली तर तीन दिली, फक्त चालवणाऱ्यांना, आणि तीपण अर्धी, टोपीसारखी. ओंकारच्या हेल्मेटचं बक्कल तुटलेलं होतं, पट्टा नुसता लोंबत होता. मी म्हटलं दुसरं दे, तर म्हणाला ताई इकडं आत कोण पकडत नाही. मी हेल्मेट पोलिसांसाठी मागत नव्हते हे त्याला कळलंच नाही, आणि मीपण दमलेली होते, ओवी भुकेजली होती, मी तिथं गप्प बसले, ही माझी चूक.

आता मी काय काम करते ते सांगते म्हणजे मी एवढी का पेटलेय ते कळेल. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडं येणाऱ्या तरुण पोरांत बाईकवरून पडलेले सगळ्यात जास्त. लोकांना वाटतं बाईकवरून पडलं की एकतर खरचटतं नाहीतर माणूस जातो. मधे केवढं मोठं आयुष्य असतं ते आमच्या खोलीत येऊन बघा. एक प्रकार आहे, ब्रॅकियल प्लेक्सस इंज्युरी म्हणतात. माणूस गाडीवरून उडतो आणि खांद्यावर पडतो, डोकं एकीकडं आणि खांदा दुसरीकडं ताणला जातो, आणि मानेतनं हातात जाणाऱ्या ज्या नसा आहेत त्या ताणून फाटतात, कधीकधी मणक्यातनं मुळासकट उपटून येतात. बाहेरनं हात धडधाकट दिसतो, हाड मोडलेलं नसतं, रक्त नसतं, पण हात लोंबतो. आपल्याकडं या दुखण्याचं सगळ्यात मोठं कारण टू-व्हीलरचे अपघातच आहेत. एकवीस वर्षांच्या एका पोराला मी दोन महिने एका हातानं शर्टाची बटणं लावायला शिकवत होते. खालचं बटण यायचं, कॉलरचं नाही यायचं. त्याची आई शेजारी बसून स्वतःचे हात मांडीखाली दाबून धरायची, लावून द्यायला पुढं जाऊ नयेत म्हणून.

तर संध्याकाळी पाचच्या सुमाराला शिवोलीकडं परत येताना ओंकार पडला. डावीकडं वळण होतं, दोन्ही बाजूला चिऱ्याच्या भिंती, पलीकडचं काही दिसत नाही, आणि वळणावर कुणाच्या तरी बांधकामाची लाल माती रस्त्यावर सांडलेली. हा पुढं होता, आम्ही मागनं बघतोय, वळणात आल्यावर माती दिसली असणार, त्यानं मागचा ब्रेक करकचून दाबला, मागचं चाक गेलं बाहेर आणि बुलेट आडवी. हेल्मेट डोक्यावरनं निघून आधी भिंतीवर आपटलं आणि मग गटारात. डोकं रस्त्याला लागलं नाही. का लागलं नाही याचं काही कारण देता येत नाही, नाही लागलं एवढंच. उजवं मनगट मुरगळलं, गुडघा आणि कोपर सोललं. समोरनं बस आली असती तर, हे वाक्य त्या रात्री घरात कुणी पूर्ण केलं नाही.

गाडी परत द्यायला गेलो तर डिपॉझिटमधनं ४५०० कापले, बिल नाही, कुठला पार्ट बदलला त्याचा हिशोब नाही. टायर मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला, मधली नक्षी जवळजवळ गेलेली. नंबरप्लेट पांढरी. हे पांढऱ्या प्लेटचं काय ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आता दुसरं दुकान, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय.

घरमालकिणीनं पाठवलं आम्हाला. मुख्य रस्त्यापासून आत, घराच्याच अंगणात शेड आणि अकरा स्कूटर, सगळ्यांच्या प्लेटा काळ्या आणि वर पिवळी अक्षरं. काका साठीच्या आसपासचे. आधी बावीस वर्षं पायलट होते, म्हणजे गोव्यातली मोटरसायकल टॅक्सी, पुढचा मडगार्ड पिवळा असतो ती. गुडघे दुखायला लागले म्हणून हा धंदा. त्यांनी सांगितलं की काळी प्लेट म्हणजे भाड्यानं द्यायचा परवाना असलेली गाडी. पांढरी म्हणजे कुणाची तरी घरची गाडी, ती भाड्यानं देणं बेकायदा, आणि त्यावर काही झालं की इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात, मग समोरच्याची भरपाई तुमच्या खिशातनं जाऊ शकते. हे आदल्या दिवशी माहीत असतं तर आम्ही त्या टेबलापाशी थांबलोच नसतो.

मग लायसन. त्यांनी चष्मा लावून प्रत्येकाचं वाचलं, गिअरचं आहे की बिनगिअरचं ते बघितलं, मुदत बघितली. ओरिजिनल ठेवून घेतलं नाही, फोटो काढून परत दिलं. नंतर विचारलं, किती वर्षं चालवता, रोज चालवता का, शेवटचे कधी पडला. हा शेवटचा प्रश्न मला कुठल्या दुकानदारानं आजवर विचारला नव्हता.

ओंकारचा नंबर आला. ओंकारला परत बुलेटच पाहिजे होती, दुसरीकडनं तरी घेतो म्हणत होता. आणि दुपारी जेवताना शॅकमधे दोन बिअर झालेल्या. काकांनी त्याच्याकडं बघितलं, जरा पुढं झुकले आणि म्हणाले, बाब, तुला आज गाडी नाही. ओंकार म्हणाला काका दोनच बिअर आहेत, आणि माझं बॅलन्स एकदम ओके आहे. काका म्हणाले, बॅलन्स शेवटपर्यंत ओकेच वाटतो, आधी जातो तो अंदाज. बरोबर आहे ते. कायद्याची लिमिट १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, त्याच्या वर सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत जेल किंवा दोन्ही. पण दारूचा परिणाम त्या आकड्याच्या आधीच सुरू होतो, समोरची गाडी किती लांब आहे आणि किती जोरात येतीय याचा अंदाज चुकायला लागतो, आणि माणसाला स्वतःला ते बऱ्याचदा कळत नाही.

ओंकार म्हणाला मग उद्या सकाळी येतो, न पिता. काका म्हणाले हात बघू. मी बांधलेलं क्रेप बँडेज होतं मनगटाला. त्यांनी त्याला एका स्कूटरपाशी नेलं, म्हणाले उजव्या हातानं ब्रेकचा लिवर पूर्ण दाब आणि धरून ठेव, मी दहापर्यंत मोजतो. ओंकारनं दाबला. एक, दोन, तीन, चारला लिवर सुटला. परत दाबला, परत चारला सुटला, आणि त्याचा चेहरा उतरला. मी आदल्या रात्रीपासून त्याला सांगत होते की या मनगटानं गाडी चालवू नको, ग्रिप नाहीये, ताई तू लय टेन्शन घेतेस म्हणून उडवून लावत होता. जे मला डिग्री असून सांगता आलं नाही ते त्या माणसानं चार आकड्यांत दाखवलं. काका म्हणाले, पुढचा ब्रेक या हातात आहे, हा हात नाही तर ब्रेक नाही. तू मागं बस, गोवा मागनंपण दिसतो.

मग म्हणाले, सहा माणसं ना, तीन स्कूटर घ्या, दोन-दोन बसा. दादा म्हणाला ओवी आमच्यातच मावते, पुढं उभी राहते. काकांनी सरळ नाही सांगितलं. एक तर मागं एकच माणूस बसवायचा असा कायदाच आहे. आणि पुढं उभं राहिलेलं पोर म्हणजे ब्रेक लागला की हँडल आणि मोठ्या माणसाच्या छातीच्या मधे सापडतं, आईबापाचंच वजन त्याच्यावर येतं. हे मला माहीत होतं. मी दादाला कधी बोलले नव्हते, कारण कोल्हापुरात सगळेच नेतात, आमच्या बाबांनी आम्हाला तसंच नेलेलं. शेवटी असं ठरलं, दादा-वहिनी एकावर, नवरा आणि त्याच्यामागं ओंकार एकावर, आणि ओवी माझ्यामागं.

आणि मग काकांनी आतनं एक छोटं लाल हेल्मेट आणलं, ओवीच्या मापाचं. त्यांच्या नातीचं जुनं. चार वर्षांच्या वरच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे हे त्या अंगणात माझ्याशिवाय फक्त त्यांनाच माहीत होतं. ओवीला घातलं आणि म्हणाले, आता जोरात नाही नाही म्हण. ओवीनं मान हलवली, हेल्मेट डोक्याबरोबर हललं, वेगळं फिरलं नाही. मग हनुवटीखाली दोन बोटं घालून पट्टा तपासला. मग आम्हा पाच जणांचं तेच, एकेक करून, मागं बसणाऱ्यांचंपण. वहिनीचं पहिलं हेल्मेट कपाळावर पुढं-मागं सरकत होतं तर ते काढून दुसरं दिलं. सगळी फुल फेस किंवा निदान कान झाकणारी, मागं आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ लिहिलेलं. १ जून २०२१ पासून या शिक्क्याशिवाय टू-व्हीलरचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेला दोनशे रुपयांच्या टोप्या मिळतातच. त्या टोपीच्या आत जाड थर्माकोल नसतो, नुसता फोम असतो, आणि धक्का खातो तो थर्माकोल, बाहेरचं प्लास्टिक नाही.

मागच्या माणसाच्या हेल्मेटवरनं जरा आकडे देते. केंद्राच्या रिपोर्टमधे २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७४,८९७ टू-व्हीलरवरची. हेल्मेट न घातलेली ५०,०२९, आणि त्यातली १४,३३७ मागं बसलेली. म्हणजे कुणाची तरी बायको, आई, मित्र, जे गाडी चालवतपण नव्हते. आणि हेल्मेटनं काय होतं, तर डोक्याला मार बसायची शक्यता ६९ टक्क्यांनी आणि मरायची ४२ टक्क्यांनी कमी होते, जगभरच्या अभ्यासांची एकत्र छाननी करून काढलेला आकडा आहे हा. मनगट मी बरं करू शकते, गुडघा चालवू शकते. डोक्याच्या माराला आमच्याकडं तेवढं काही नाही.

यानंतर जे झालं ते मला सगळ्यात आवडलं. अंगणाच्या शेजारी मोकळी जागा आहे, तिथं काकांनी जमिनीवर नारळाचं एक सोडण ठेवलं. म्हणाले वीसच्या स्पीडनं या आणि सोडणाच्या अलीकडं थांबा. वहिनी दहा वर्षं रोज ऑफिसला स्कूटरनं जाते, तिला वाटलं ही काय परीक्षा. ती आली, डावा लिवर दाबला, मागचं चाक घासत गेलं आणि सोडणाच्या पुढं दोन हात जाऊन थांबली. काकांनी विचारलं उजवा का नाही दाबला. वहिनी म्हणाली, लहानपणी पुढचा ब्रेक दाबला की उलटतो असं सांगितलेलं. मी बघितलंय हे, आपल्याकडं अर्ध्याअधिक लोकांना हेच शिकवलेलं असतं. खरं तर ब्रेक लागला की बरंचसं वजन पुढच्या चाकावर येतं, पकड तिकडंच जास्त, गाडी थांबवतो तो पुढचाच. दोन्ही दाबायचे, पुढचा हळूहळू घट्ट करत न्यायचा, झटका द्यायचा नाही, आणि हँडल सरळ असताना. १९८१ मधे अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिसच्या ९०० अपघातांचा अभ्यास छापला होता, त्यातपण हेच निघालं, चालवणारे मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवतात आणि पुढचा कमी वापरतात, आणि धोका दिसल्यापासून आपटेपर्यंत हातात दोन सेकंदसुद्धा नसतात. ओंकारच्या पडण्याचंच वर्णन वाटलं मला ते.

वहिनीनं तीनदा केलं. तिसऱ्यांदा सोडणाच्या अलीकडं हातभर थांबली आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. काकांनी आणखी एक सांगितलं, एप्रिल २०१९ नंतरच्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारं) किंवा एबीएस (चाक लॉक होऊ न देणारं) सक्तीचं आहे. सीबीएसवाल्या स्कूटरला डावा लिवर दाबला तरी पुढचा थोडा लागतो, पण त्यांच्याकडच्या चार जुन्या गाड्यांना ते नाही, म्हणून कुठली गाडी कशी थांबते ते घेतानाच करून बघायचं, रस्त्यावर गेल्यावर नाही.

निघताना नकाशा म्हणून कागद नाही दिला, तोंडी सांगितलं. पणजीच्या मांडवीवरच्या अटल सेतूवर चढू नका, तिथं टू-व्हीलरला बंदी आहे, पणजीला जुन्या पुलानं जा, मॅपला टू-व्हीलर मोड लावा. मोबाईल हातात धरून मॅप बघायचा नाही, मागच्यानं बघून सांगायचं. अंधार पडल्यावर गल्ल्यांत गुरं बसलेली असतात. बीचजवळ रस्त्यावर वाळू असते ती लांबनं दिसत नाही, वळणाच्या आधीच स्पीड कमी करा, वळणात ब्रेक नको. पर्र्याच्या माडांच्या रस्त्यावर लोक मधेच उभं राहून फोटो काढतात, तुम्ही काढू नका आणि काढणाऱ्यांच्या अंगावर घालू नका. चाळीसच्या वर कशाला पाहिजे, समुद्र कुठं पळून जात नाही. चाळीसला गाडी सेकंदात अकरा मीटर जाते, साठला जवळजवळ सतरा, आणि ब्रेक लागल्यावर साठची गाडी चाळीसच्या सव्वादोन पट लांब जाऊन थांबते. त्या गल्ल्यांत एवढा सरळ रस्ताच नाही. शेवटी म्हणाले, सवकास वचात हां, म्हणजे सावकाश जा.

तक्रारी पण लिहिते, नाहीतर जाहिरात वाटेल. शंभर रुपये महाग आहे, ५०० घेतात स्कूटरचे. घरपोच गाडी देत नाहीत, आपल्यालाच जावं लागतं आणि पहिल्यांदा गेलात तर अर्धा-पाऊण तास जातोच. संध्याकाळी सातनंतर दार बंद, आम्हाला एकदा चावी बदलायची होती तर सकाळपर्यंत थांबावं लागलं. बुलेट किंवा कुठलीच गिअरची गाडी ठेवत नाहीत. हेल्मेटांना दमट वास येतो, उन्हात वाळवतात पण गोव्याची हवा तशी आहे, डोक्याला बांधायला सुती स्कार्फ घेऊन जा. एका स्कूटरचा हॉर्न अगदी बारीक होता, सांगितल्यावर बदलून दिली.

चार दिवस फिरलो, कुणी पडलं नाही. डिपॉझिट दोन हजार होतं, सगळं परत आलं, उलट पेट्रोल जास्त शिल्लक होतं म्हणून काकांनी ओवीच्या हातावर काजूचं पाकीट ठेवलं. ओंकार चारही दिवस मागं बसून मॅप सांगत होता. पहिल्या दिवशी फुगलेला, दुसऱ्या दिवशी नवऱ्याला हळू घे वळण आहे म्हणून ओरडत होता. परत जाताना तो काकांच्या पाया पडला, मला सांगून नाही, आपणहून.

ओवी हेल्मेट द्यायलाच तयार नव्हती. कोल्हापुरात आल्यावर दादा तिच्यासाठी घ्यायला गेला तर तीन दुकानांत लहान साईजच नव्हती, एक जण म्हणाला पोरांना कोण घेतं. चौथ्या दुकानात मिळालं, लाल नाही, निळं. घालून तिनं दुकानात उभं राहून जोरजोरात नाही नाही अशी मान हलवली, आणि मग दादानं पट्ट्यात दोन बोटं घालून बघितली.